जुना कौटुंबिक फोटो: फोटोग्राफर कोण असावा? (मदत हवी आहे)

पाटीपेन्सिल (रविवार, रात्री ९:४०)

मंडळी, आजोळची गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेली. खोल्या रिकाम्या करताना माळ्यावर एक मोठी तसबीर सापडली. फोटोतले अकराही जण मामीला नावानिशी सांगता येतात, पण फोटो कुणी काढला हे घरात कुणालाच माहीत नाही.

मधोमध खुर्चीत पणजोबा: पगडी, लांब कोट, खांद्यावर उपरणं. त्यांच्या मांडीवर वर्षा-दीड वर्षाचं बाळ, ते माझे आजोबा. त्यांचा जन्म १९११चा, म्हणजे फोटो १९१२-१३चा असणार. शेजारच्या खुर्चीत पणजी. दोन्ही बाजूंना जावा, मागे दीर आणि पुढे सतरंजीवर मांडी घालून मुलं. मागच्या रंगवलेल्या पडद्यावर खांब, तळं आणि तळ्यात दोन हंस.

फोटो ज्या पुठ्ठ्यावर चिकटवलाय त्याच्या उजव्या कोपऱ्यात उठावाचा शिक्का आहे. निम्मा वाळवीने खाल्ला. उरलेलं इंग्रजीत आहे ते असं लागतं: "...डिओ, गिरगाव, बॉम्बे ४".

माझा घोळ असा की तेव्हा आमचे सगळे बेळगावकडच्या चिकोडीला होते. आजोबा नोकरीसाठी १९३८ साली मुंबईत आले, त्याआधी घरातलं कुणी मुंबईला गेल्याचं ऐकलेलं नाही. अकरा माणसं, त्यात तान्हं मूल, चिकोडीहून गिरगावला फक्त फोटो काढायला येतील?

फोटो खाली चढवलाय.

उंटावरचा_शहाणा (रविवार, रात्री १०:०५)

राजा दीनदयाळ! त्यांचा मुंबईत स्टुडिओ होता. पडद्याची क्वालिटी बघा.

अनुस्वार (रविवार, रात्री १०:३१)

उंटराव, दर जुन्या फोटोला कुणीतरी दीनदयाळांचं नाव घेतंच. मुंबईचा स्टुडिओ त्यांनी १८९६ला काढला हे खरं, पण ते १९०५ला वारले. आणि त्यांचा शिक्का असता तर घरच्यांनी तो फोटो माळ्यावर टाकला नसता, हॉलमध्ये लावून चार पिढ्या मिरवला असता.

पाटीपेन्सिल, आधी तारखेकडून या. मुंबईतले फोटोग्राफर म्हटले की लोक एकदम १८५४च्या फोटोग्राफिक सोसायटीवर जातात, मग हरिश्चंद्र चिंतामण, भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी. ती मंडळी तुमच्या फोटोच्या दोन पिढ्या आधीची. १९१२ला बऱ्याच गावांत कुणी ना कुणी कॅमेरा बाळगून होता: ड्रॉइंग मास्तर, घड्याळजी, नाटक कंपनीचा पडदे रंगवणारा. त्यातल्या बहुतेकांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत. ती मिळतात पुठ्ठ्यांवर, नाहीतर जुन्या मासिकांच्या जाहिरातींत. 'मनोरंजन'चे अंक चाळा, गंमत येते.

ताम्हण (रविवार, रात्री ११:१२)

शिक्का वाचायला सोपी युक्ती. खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च पुठ्ठ्याला जवळजवळ टेकवून बाजूने मारा. तिरक्या उजेडात उठाव उभा राहतो. टॉर्च चारही बाजूंनी फिरवून चार फोटो घ्या. एका बाजूने न दिसणारं अक्षर दुसऱ्या बाजूने दिसतं.

उंटावरचा_शहाणा (रविवार, रात्री ११:२०)

वर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा की. शाळेत नाण्यांचं करायचो तसं.

ताम्हण (रविवार, रात्री ११:२४)

अजिबात घासू नका! शंभर वर्षांचा पुठ्ठा बिस्किटासारखा असतो. वाळवीने ठेवलंय तेही जाईल.

गॅलरीतला_मी (सोमवार, सकाळी ७:५०)

मी तुमचा फोटो एआयला देऊन रंगीत केला. सोबत जोडलाय.

अनुस्वार (सोमवार, सकाळी ८:१५)

पणजोबांचे डोळे निळे केलेत आणि एका काकूंच्या नाकातली नथ गायब. देखणा आहे, पण तपासासाठी हा फोटो बाजूला ठेवू या.

पाटीपेन्सिल (सोमवार, दुपारी १:३०)

टॉर्चची युक्ती चालली! 'स्टुडिओ'च्या आधी 'आर्ट' आहे. त्याच्या आधी वाळवी. 'आर्ट स्टुडिओ' नावाने शोधलं तर दर गल्लीत एक निघतो.

हायपो (सोमवार, दुपारी ३:०२)

मी सहसा नुसता वाचतो, पण हा माझा विषय आहे. कोल्हापुरात आमचा स्टुडिओ होता, आधी वडिलांचा, मग माझा. २००६ला शटर ओढलं.

पाटीपेन्सिल, दोन गोष्टी करून सांगा. पहिली: फोटोत वरपासून खालपर्यंत, डावीकडच्या दिराच्या खांद्यावरून एक पांढरी घडी गेलेली दिसते. तिच्यावरून स्वच्छ, कोरडं बोट अगदी हलकं फिरवा, आणि तेही कडेला, चेहऱ्यांवर नको. घडी हाताला लागते का?

दुसरी: गडद भागांवर, म्हणजे कोटांवर वगैरे, फोटो तिरका धरला की चंदेरी-निळसर झाक दिसते का?

पाटीपेन्सिल (सोमवार, रात्री ८:४५)

चंदेरी झाक आहे, विशेषतः कडांना.

आणि घडी लागत नाही. कागद एकदम सपाट आहे. म्हणजे काय?

हायपो (सोमवार, रात्री ९:२०)

म्हणजे घडी तुमच्या कागदाला पडलेलीच नाही. ती दुसऱ्याच एका कागदाला पडली होती आणि त्या कागदाचा फोटो काढला गेला. तुमच्या हातात आहे ती कॉपी. चारही कोपऱ्यांजवळ बारीक काळे ठिपके असतील बघा, कॉपी करताना मूळ फोटो फळीवर टाचण्यांनी लावला असेल तर ते येतात.

चंदेरी झाक म्हणजे जिलेटिनच्या कागदातली चांदी वर येते. आम्ही त्या कागदाला ब्रोमाइड म्हणायचो. त्यावरून साल ठरत नाही, कारण १९१२लाही ब्रोमाइड होता आणि १९५५लाही. पण न लागणारी घडी मात्र शंभर टक्के सांगते.

तेव्हा गिरगावच्या शिक्क्यावरून पुठ्ठा कुणाचा ते कळलं, कॅमेऱ्यामागे कोण होतं ते कळलं नाही. आमच्या धंद्यात निम्मं पोट कॉपीवर चालायचं. गावाकडचा फाटका फोटो आणायचा, मोठा करून घ्यायचा, तसबिरीत लावायचा. स्टुडिओवाला आपला शिक्का मारणारच, काम त्याचंच असतं.

पाटीपेन्सिल (सोमवार, रात्री ९:३१)

ठिपके आहेत!! चारही! आजवर मला ती बुरशी वाटत होती.

कोयनाकाठ (सोमवार, रात्री १०:१०)

पत्त्याचंही जुळतं. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ला. नुसतं 'बॉम्बे ४' म्हणजे शिक्का त्याआधी बनवलेला. आजोबा मुंबईत आले १९३८ला. मधली चौतीस वर्षं तुमची. मात्र लोक जुने पुठ्ठे संपेपर्यंत वापरत, तेव्हा १९७२ची रेघ फार ठाम ओढू नका.

हायपो (मंगळवार, सकाळी ११:१५)

रात्री फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. लिहू की नको असं झालं होतं, पण लिहितो. पाटीपेन्सिल, वाईट वाटून घेऊ नका.

तुमच्या पणजी त्या दिवशी तिथे नव्हत्या.

सगळ्यांच्या नाकाची सावली उजवीकडे पडलीय, त्यांची डावीकडे. हे एकटं असतं तर सोडून दिलं असतं, पण कुंकू बघा. दोन्ही जावांचं कुंकू जवळजवळ काळं आलंय. त्या काळच्या काचांना, म्हणजे प्लेटींना, लाल रंग दिसतच नसे, म्हणून लाल ते काळं. तुमच्या पणजींचं कुंकू मात्र मऊ राखाडी, कडा एकदम रेखीव. ते ब्रशने काढलेलं आहे. आणि त्यांच्या खुर्चीला पुढचे दोनच पाय आहेत. मागचे पाय रंगवणारा विसरला.

हे काम आम्ही खूप केलंय. कुणी गेलं की लोक यायचे, तेराव्याच्या आत फोटो पाहिजे असायचा. ग्रुपमधून एकट्याला उचलायचं, नेगेटिव्हवर बाकीच्यांना लाल ओपेक (उजेड अडवणारा रंग) लावून झाकून टाकायचं. उघड्या डोक्याला टोपी घालायची, सदऱ्यावर कोट चढवायचा. माझे वडील कोटाचे बटण इतके सुंदर काढायचे की शिंप्याने लाजावं. उलटंही करायचो, नसलेल्याला ग्रुपमध्ये बसवायचो.

अनुस्वार (मंगळवार, सकाळी ११:४०)

हायपो, दंडवत. कुंकवाचं मला माहीत नव्हतं.

पाटीपेन्सिल (मंगळवार, रात्री १०:५०)

दिवसभर काही लिहवलं नाही. वाईट वाटलं असं नाही, पण त्या फोटोतल्या पणजीला रोज नमस्कार करून आजोबा कामाला जायचे हे आईकडून ऐकलंय.

मामीला फोन केला. ती ९१ वर्षांची आहे. तिने शांतपणे सांगितलं, "हो, सासूबाई म्हणायच्या की त्या फोटोत आत्याबाई नंतर घातल्या." (तिच्या सासूबाई म्हणजे माझी आजी. आत्याबाई म्हणजे पणजी, आजी आपल्या सासूला आत्याबाई म्हणायची.) पणजी १९१८च्या इन्फ्लुएंझात गेली, आजोबा सात वर्षांचे होते. तिचा एकही फोटो नव्हता. परका पुरुष समोर उभा राहून फोटो काढणार म्हणून ती माजघरातून बाहेरच आली नाही म्हणे. पणजोबांच्या शेजारची खुर्ची रिकामीच राहिली.

मग चेहरा कुणाचा, हे विचारलं तर मामी म्हणाली, "ते नाही बाई माहीत. विचारते."

उंटावरचा_शहाणा (मंगळवार, रात्री ११:०२)

मी आजवर या धाग्यावर जे काही बोललो ते मागे घेतो.

मिरजवाली (बुधवार, सकाळी ६:३५)

नमस्कार. धागा वाचत होते, फोटो पहिल्यांदा आज नीट उघडला आणि चहा सांडला. तो डावीकडचा हंस! त्याची मान मधेच मोडल्यासारखी आहे ना? आमच्या आजेसासऱ्यांच्या घरच्या फोटोत तोच हंस, तीच मोडकी मान. खांब तेच, सतरंजीच्या पट्ट्याही त्याच. आमचा फोटो मिरजेचा आहे. खाली चढवते. पुठ्ठ्यावर मराठीत नाव आणि 'फोटोग्राफर, मिरज' असं छापलेलं आहे. मागे मोडीत काहीतरी लिहिलंय, ते मला वाचता येत नाही.

फोटोग्राफरचं नाव मी चढवलेल्या फोटोत झाकलंय, कारण त्यांचे पणतू आमच्या ओळखीचे आहेत. त्यांना विचारल्याशिवाय जाहीर टाकणं बरं नाही. पाटीपेन्सिल, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

अनुस्वार (बुधवार, सकाळी ७:२०)

मोडी मी वाचतो. वरच्या ओळीत 'शके १८३६', म्हणजे १९१४-१५. खालच्या ओळीत फोटोग्राफरचं नाव वगैरे काही नाही. लिहिलंय: "निम्मे पावले, बाकी येणे."

मिरजवाली (बुधवार, सकाळी ७:२८)

हाहा! सासूबाईंना सांगितलं. म्हणतात, बाकी दिली नसणार. आमच्याकडचे तसेच.

कोयनाकाठ (बुधवार, सकाळी ९:००)

थांबा थोडं. एकच पडदा म्हणजे एकच फोटोग्राफर असं होत नाही. पडदे विकले जात, भाड्याने जात, जावयाला जात. नाटक कंपन्यांचे जीर्ण पडदे फोटोवाल्यांकडे यायचे. आपल्या भागात पडद्यांचं काम किती जोरात होतं ते कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबुराव पेंटरांवरून कळतं, बाबुरावांनी पुढे सिनेमा काढला. मिरजेलाही कंपन्यांचे मुक्काम असत, बालगंधर्व पहिल्यांदा रंगभूमीवर आले तेही मिरजेलाच, १९०५ला. तेव्हा हा हंस दोघा-तिघांकडे फिरलेला असू शकतो.

हायपो (बुधवार, दुपारी १२:४०)

कोयनाकाठ, शंका बरोबर. म्हणून दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले.

हंसाची मान मोडलेली नाही, तिथे पडदा फाटलाय आणि शिवताना कापड ओढलं गेलंय. पाटीपेन्सिलच्या फोटोत ती एकच शिवण आहे. मिरजवालींच्या फोटोत ती शिवण आहे आणि वर उजव्या खांबाला दुसरं ठिगळ आहे. म्हणजे चिकोडीकरांचा फोटो आधीचा, शके १८३६च्या आधी. आणि बाळाच्या वयामुळे १९१२च्या फार मागे जाता येत नाही. पहिली आणि दुसरी फाट यांच्यामध्ये वर्ष-दोन वर्षं असतील. एवढ्यात पडदा हातोहात फिरला असेल हे जरा कठीण.

अजून एक. दोन्ही फोटोंत सतरंजीच्या खाली कडेला दगडी फरशी दिसते, आणि दोन्हीकडे तिसऱ्या फरशीचा कोपरा उडालेला आहे. पडदा फिरेल, फरशी फिरत नाही. हे वाड्याचं अंगण आहे. छपराला काच लावलेला स्टुडिओ नव्हे. उघड्यावर, सावलीच्या बाजूला पडदा टांगून काम केलंय. अंगण एकच असेल तर माणूसही एकच म्हणायला माझी हरकत नाही.

मिरजवाली (बुधवार, दुपारी २:१५)

ती फरशी अजून आहे!! पणतूंना फोन केला. त्यांच्या वाड्याचं अंगण तसंच आहे, तुटका कोपरा सिमेंटने भरलाय. संध्याकाळी जाऊन फोटो काढते.

पाटीपेन्सिल (बुधवार, दुपारी ३:००)

पण मग फोटो मिरजेला काढला आणि पणजी 'माजघरातून बाहेर आली नाही', हे कसं? माजघर चिकोडीला.

कोयनाकाठ (बुधवार, दुपारी ३:२०)

अगदी. आणि चिकोडीहून सगळं कुटुंब मिरजेला का?

मिरजवाली (बुधवार, रात्री ८:४०)

मिरजेला येणं मुळीच अवघड नव्हतं. चिकोडी रोडहून आगगाडीने सरळ मिरज. आणि येण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असायचं, दवाखाना. डॉ. वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९०च्या दशकापासून इथे होतं. कर्नाटकातून, कोकणातून माणसं ऑपरेशनला यायची आणि सोबत घरचे यायचे. माझ्या सासरी सांगतात की ऑपरेशनच्या आधी लोक फोटो काढून घ्यायचे. उद्या काय होईल कुणी सांगावं?

अंगणाचे फोटो चढवलेत. तिसरी फरशी बघा.

हायपो (बुधवार, रात्री ९:०५)

तीच आहे. लांबी-रुंदीचं प्रमाणही जुळतं.

पाटीपेन्सिल (शुक्रवार, रात्री १०:१५)

दोन दिवस मामीकडे होते. सगळं सांगते.

मिरजवालीताईंचा अंदाज खरा. पणजोबांच्या थोरल्या भावाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेला झालं, ते फोटोत मागे उजवीकडून दुसरे. आम्ही त्यांचे डोळे मिटलेले बघून 'फोटो काढताना पापणी लवली' असं म्हणत आलो! पणजी मिरजेला गेलीच नव्हती, चिकोडीला घर सांभाळत होती. 'माजघरातून बाहेर आली नाही' ही बहुधा पुढे कुणीतरी जोडलेली गोष्ट. मामी म्हणते, ती कुणी जोडली असेल ते तिला माहीत आहे पण सांगणार नाही. खुर्ची रिकामी नव्हतीही कदाचित, खुर्चीही गिरगावातच रंगवली असेल. मागचे पाय नाहीतच.

कॉपी कधी झाली तेही कळलं. आजोबांनी १९४९ साली नवी खोली घेतली तेव्हा. मामीच्या ट्रंकेत आजोबांची जमाखर्चाची वही आहे, त्यात त्या वर्षाच्या दिवाळीआधी 'फोटो मोठा करणे व आईस घालणे' अशी नोंद आहे. पुढे रक्कम. रकमेपुढे बरोबरची खूण, म्हणजे बाकी ठेवलेली नाही, मिरजवालीताई!

आणि चेहरा. पणजीची धाकटी बहीण तेव्हा हयात होती, रायबागला दिलेली. आजोबा तिला गिरगावात घेऊन आले आणि तिला त्या स्टुडिओत बसवून तिचा फोटो काढून घेतला. तिचं वय तेव्हा पन्नाशीचं. आर्टिस्टने सुरकुत्या काढून टाकल्या, केस काळे केले. ती विधवा होती, म्हणून कुंकू ब्रशने लावलं. आजोबा शेजारी उभे राहून सांगत होते म्हणे, हनुवटी जरा बारीक, नाक असंच. सात वर्षांच्या मुलाला आठवेल तेवढं.

ताम्हण (शुक्रवार, रात्री १०:४०)

आता काय लिहावं.

हायपो (शुक्रवार, रात्री ११:१०)

तो गिरगावचा आर्टिस्ट कोण होता हे कळलं तर मला सांगा. सावलीत चुकला, पण गिऱ्हाइकाच्या आठवणीवरून वीस वर्षं कमी करणं हे सोपं काम नाही. खुर्चीच्या पायांबद्दल बोललो ते जरा जास्तच झालं.

त्याच्या नेगेटिव्ह मिळण्याची आशा धरू नका. कलकत्त्याच्या बोर्न अँड शेफर्डसारख्यांचा संग्रह १९९१च्या आगीत गेला, लहान दुकानांचं कोण जपतो? आमच्याच जुन्या काचा वडिलांनी गरम पाण्याने धुऊन फ्रेमवाल्याला विकल्या. तुमच्या तसबिरीची काच अशीच कुणाची तरी नेगेटिव्ह असेल.

आणि हो, फोटो पुठ्ठ्यावरून सोडवायला जाऊ नका, लॅमिनेशन तर नकोच. आहे तसा स्कॅन करा, ६०० डीपीआयला, पुठ्ठा आणि मागच्या बाजूसकट.

अनुस्वार (शनिवार, सकाळी ८:००)

पाटीपेन्सिल, धाग्याचं शीर्षक बदला. 'फोटोग्राफर' एकवचनी राहिला नाही.

पाटीपेन्सिल (शनिवार, दुपारी १२:२०)

शीर्षक राहू दे, शोधणाऱ्याला सापडेल. तसबिरीमागे वेगळ्या कागदावर पेन्सिलने लिहून ठेवलंय: मिरज, १९१२ ते १४, पुढे मिरजेच्या फोटोग्राफरचं नाव (पणतूंनी परवानगी दिली, पण घरापुरती). त्याखाली: गिरगाव, १९४९, 'आर्ट स्टुडिओ', नाव वाळवीने खाल्लं. पणजीच्या नावापुढे तिच्या बहिणीचंही नाव.

आता नवीन प्रश्न. स्टुडिओने मावशीआजीचा जो फोटो १९४९ला काढला, त्याची प्रत तिला दिली असणार. रायबागकडचं कुणी आहे का इथे? साधारण पन्नाशीच्या बाई, एकट्या बसलेल्या, मागे साधा पडदा आणि पुठ्ठ्यावर गिरगावचा शिक्का. शिक्का शाबूत असेल तर हायपोकाकांना नाव मिळेल.